डाव्या हाताची वाकडी सुरी

कानस्याला मी एकतीस वर्षं ओळखत होतो असं सगळे म्हणतात. मी मात्र तसं म्हणायला धजत नाही. त्याचे वडील काय करायचे, तो शाळेत किती शिकला, या धंद्यात कसा आला, यातलं मला काहीच ठाऊक नाही. मला विचारायला जमत नाही आणि त्याला सांगायची हौस नव्हती, त्यामुळे आमचं बरं जमलं. तो गेल्यावर त्याची मुलगी फोनवर म्हणाली, "काका, बाबांबद्दल तुम्हीच दोन पानं लिहा. दुसरं कुणी त्यांच्याजवळ बसतच नव्हतं." म्हणून लिहितो आहे. बसत होतो, एवढं खरं.

मी एका मोठ्या कारखान्यात स्टोअरकीपर होतो. खिडकीतून हत्यारं द्यायची, संध्याकाळी मोजून परत घ्यायची, झिजलेली मोडीत काढायची, एवढंच काम. लोखंड घासायच्या कानशीचे दात बोथट झाले की कारखान्याला ती निरुपयोगी. हा माणूस महिन्यातून एकदा मागच्या दाराशी येऊन नेमक्या त्याच मागायचा. पहिल्याच दिवशी मोडीची पेटी उपसून झाल्यावर मला म्हणाला, "स्टोअरवाले, तुमच्या कचऱ्यात तुमच्या कपाटापेक्षा चांगला माल आहे." त्यानंतर मी कायमचा स्टोअरवाले झालो. तो कानशी गोळा करायचा म्हणून लोक त्याला कानस्या म्हणत. त्याची जीभही तशीच होती, पण ते लोकांना नंतर कळायचं.

तो लाकूड कोरायच्या सुऱ्या बनवायचा. लाकडी चमच्याचा खोलगा साध्या सुरीने निघत नाही. त्यासाठी पातं टोकाशी आकड्यासारखं वळवलेली सुरी लागते. तिला ते दोघं नुसतं 'वाकडी' म्हणत. दोघं म्हणजे तो आणि वहिनी. तो सुऱ्या करायचा आणि वहिनी त्याच सुऱ्यांनी चमचे, डाव, वाट्या कोरायच्या. पत्र्याच्या शेडमध्ये एका टोकाला भट्टी आणि ऐरण, दुसऱ्या टोकाला खिडकीखाली वहिनींची बुटकी खुर्ची आणि पायाशी लाकडाचे कपचे. मागे राहायच्या दोन खोल्या. नवी सुरी झाली की तो मूठ पुढे करून ती वहिनींना द्यायचा. त्या लाकडावर दोन हात मारायच्या आणि निकाल द्यायच्या.

"हिला पोट जास्त आलंय."

"कुठे आलंय?"

"तुम्हाला जिथे आलंय तिथेच."

मग तो गुरगुरत सुरी परत भट्टीत घालायचा. वहिनींनी मान हलवल्याशिवाय त्याने एकही सुरी विकली नाही. हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

निवृत्त झाल्यावर माझा दिवस जाईना, तेव्हा मी रोज सकाळी त्याच्या शेडमध्ये स्टूल टाकून बसायला लागलो. बघून बघून मलाही थोडं कळायला लागलं. कानस आधी लालभडक तापवून राखेत पुरायची, म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत ती मऊ होते. मग दगडावर तिचे दात पार घासून काढायचे. एक जरी दात राहिला तरी पुढे तिथूनच चीर जाते. मग ठोकून पातळ करायची, एका अंगाने उतार द्यायचा, पाइपाच्या तुकड्यावर वळवायची. शेवटी पुन्हा तापवून तेलात बुडवायची. तेलात ती काचेसारखी कडक पण ठिसूळ होते, म्हणून परत हलका शेक द्यायचा, वाळल्या गवताचा पिवळा रंग धारेपर्यंत येईस्तोवर. हा रंग तो डोळे बारीक करून बघायचा आणि त्या वेळी कुणी बोललेलं त्याला खपायचं नाही. मला ते सोयीचंच होतं.

दोन वर्षांपूर्वी वहिनींची उजवी बाजू गेली. सकाळी चहाचा कप हातातून पडला, तो उचलायला वाकल्या आणि उठल्याच नाहीत. तीन आठवड्यांनी दवाखान्यातून आल्या त्या काठी घेऊन. पाय थोडा ओढत का होईना चालत होता. बोलणं सावकाश झालं होतं, एकेक शब्द शोधून आणावा तसं. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला तर तिथेच राहायचा. डॉक्टरांनी एक रबरी चेंडू दिला होता, दिवसातून शंभर वेळा दाबायचा म्हणून. वहिनी चेंडू त्या हातात ठेवायच्या आणि त्याच्याकडे बघत बसायच्या. बोटं हलायची नाहीत, पण त्या मोजायच्या.

त्यांची स्वतःची वाकडी त्या जवळच ठेवत. वीस वर्षांपूर्वी कानस्याने केलेली, धार लावून लावून निम्मी झालेली. मूठ त्यांच्या हाताने काळी पडली होती. आठवड्यातून एकदा त्या डाव्या हाताने तिला तेल पुसायच्या. एकदा तो बाहेर गेला होता तेव्हा मला म्हणाल्या, "भाऊजी, गंज नको. हात आला, की लागेल." मी हो म्हणालो.

कानस्याचा मात्र उजव्या हातावरचा विश्वास महिन्याभरात उडाला. एक दिवस ऐरणीवर बसून तो म्हणाला, "डावीच करायची."

"काय?"

"वाकडी. डाव्या हाताची. ही अशी बसून राहिली तर संपेल ती. मला माहीत आहे ना."

आता हे सांगायला हवं, की वाकडी सुरी एकाच हाताची असते. मूठ धरल्यावर धार कोणत्या बाजूला येते त्यावर ती उजवी की डावी हे ठरतं. उजवी सुरी डाव्या हातात धरली तर ती लाकूड सोलत नाही, नुसती घसरते. आणि कानस्याने जन्मात डावी केली नव्हती. डावखुरं गिऱ्हाईक आलं तर सरळ परत पाठवायचा.

"वहिनींना डाव्याने जमेल?" मी विचारलं.

"का? डाव्या हाताला वेगळा मेंदू लागतो का?" तो बोलला आणि गप्प झाला. डॉक्टरांनी कागदावर मेंदूच्या दोन बाजूंचंच चित्र काढून दाखवलं होतं.

कानस कुठून आणायची हा पहिला प्रश्न होता. कारखाना बंद होऊन चार वर्षं झाली होती. तो भंगारबाजारात जाऊन सहा कानशी घेऊन आला आणि एकेक दगडाला लावली. चांगल्या पोलादाच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात. यांच्या नुसत्या लांब, तांबड्या रेघा निघाल्या. "सहाच्या सहा वरवरच्या," तो म्हणाला. हल्लीच्या कानशी वरच्या कातडीपुरत्या कडक, आत साधं लोखंड. मोटारीच्या स्प्रिंगच्या पाट्याचं पोलाद चांगलं, पण एवढा जाड पाटा ठोकायची ताकद त्याच्या खांद्यात उरली नव्हती. हे तो बोलला नाही. पाटा हातात घेऊन त्याने खाली ठेवला, एवढंच.

माझ्या घरी टेबलाच्या खणात एक जुनी कानस होती. निवृत्तीच्या दिवशी आठवण म्हणून आणलेली. मी ती नेऊन दिली. तिच्या ठिणग्या चांगल्या फुटल्या. "स्टोअरवाले, चोरी करून आणली होती वाटतं?" तो म्हणाला. खूश झाला की असंच बोलायचा.

त्याने ऐरणीच्या ओंडक्यावर खडूने मोठ्या अक्षरात 'डावी' असं लिहिलं. तीन दिवस काम चाललं. असं मन लावून काम करताना मी त्याला क्वचितच पाहिलं होतं. चौथ्या दिवशी तेलात बुडवणं, शेक सगळं होऊन पातं तयार झालं. त्याने मूठ बसवली, धार लावली आणि वहिनींच्या डाव्या हातात सुरी दिली. वहिनींनी ती फिरवून पाहिली. मग पुन्हा पाहिली. त्यांच्या चेहऱ्याच्या चालणाऱ्या बाजूवर हसू आलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "ही... उजवीच."

त्याने ती ओढून घेतली. उजवीच होती. ओंडक्यावर 'डावी' लिहिलेलं होतं आणि त्याच्या हातांनी चाळीस वर्षांच्या सवयीने उतार नेहमीच्याच अंगाला दिला होता. मी तीन दिवस समोर बसलो होतो. मलाही दिसलं नाही. मीही उजव्याच बघत आलो होतो.

त्याच दुपारी तो ती उलटी वळवायला बसला. उद्या करा, असं म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं. घाईत पातं जास्त तापलं, लालच्या पुढे जाऊन पांढरं झालं आणि ऐरणीवर पहिल्या घावाला बिस्किटासारखं चुरलं. त्याने केरसुणीने तुकडे गोळा केले. त्या दिवशी तो मला शिव्या घालील असं वाटलं होतं. घातल्या नाहीत.

नंतरचे पंधरा दिवस भट्टी पेटली नाही. वहिनी चेंडू हातात ठेवून मोजत होत्या. एका सकाळी मी गेलो तर त्या आत झोपलेल्या होत्या आणि कानस्याच्या हातात त्यांची जुनी वाकडी होती. मूठ काढून झाली होती.

"हिचं पोलाद सोनं आहे," तो म्हणाला. "मी पाहिलेल्यातलं सगळ्यात चांगलं. हीच उलटी वळवतो."

मी स्टूल ओढून बसलो.

"नाहीतरी उजवा हात काही येत नाही. डॉक्टर तोंडावर बोलत नाहीत, एवढंच." पातं त्याने उजेडात धरलं. "तिला विचारायला हवं का हो?"

हा प्रश्न त्याने मला विचारला. एकतीस वर्षांत त्याने माझा सल्ला घेतला असेल तर एवढा एकदाच. तेलाची गोष्ट मला माहीत होती. 'हात आला, की लागेल' हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले होते, त्याने ऐकले नव्हते. दोन वाक्यांत सांगता आलं असतं. नवराबायकोच्या मध्ये आपण कशाला पडा, असा विचार मनात आला. मी आयुष्यभर या एका विचाराच्या आडोशाला बसलो आहे.

"तुम्हाला जास्त कळतं," मी म्हणालो.

त्याने भट्टीचा ब्लोअर लावला. या वेळी घाई केली नाही. पातं हळूहळू तापवलं, लोहचुंबक चिकटायचं थांबलं का ते लावून पाहिलं, सरळ केलं, दुसऱ्या बाजूला वळवलं, उतार बदलला. वळण असं सुरेख आलं होतं की मीसुद्धा स्टुलावरून उठून पाहिलं. डावीच होती, दोघांनी तीनदा खात्री केली. मग त्याने ती शेवटची तापवून तेलात घातली, आणि तेलातून आवाज आला. मोठा नव्हता. टिचकी मारल्यासारखा. तो काय असतो ते आम्हा दोघांनाही कळलं. त्याने सांडशी लगेच वर काढली नाही.

वीस वर्षं झिजून पातळ झालेलं पातं होतं ते. पाठीपासून धारेपर्यंत चीर गेली होती.

मागून काठीचा आवाज आला. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी आधी बाकावर पडलेली काळी मूठ पाहिली, मग सांडशीत काय आहे ते पाहिलं. मी जमिनीकडे बघत होतो, म्हणून चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही.

"माझी?" त्या म्हणाल्या.

"डावी करत होतो," तो म्हणाला. "तुझ्यासाठीच."

बराच वेळ त्यांना शब्द सापडेना. मग सापडला. "बरं."

त्या आत गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी चेंडू हातात घेतला नाही. कानस्या रोज सकाळी तो त्यांच्या मांडीवर आणून ठेवायचा आणि चेंडू घरंगळून खाली जायचा. तो उचलायचा, पुन्हा ठेवायचा. एकदा मला म्हणाला, "रागावली असती तर बरं झालं असतं. कधी नाही ती शहाण्यासारखी वागायला लागली आहे." तेलाची गोष्ट मी त्याला तेव्हाही सांगितली नाही. आता सांगून काय उपयोग, असं वाटलं. आज इथे लिहितो आहे, पण वाचायला तो नाही, आणि वहिनींना कुणी हे वाचून दाखवू नये अशी माझी विनंती आहे.

पुढे सगळं लवकर आवरलं. मुलगी येऊन दोघांना आपल्याकडे घेऊन जायला तयार झाली. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, तिथे भट्टी पेटवता येत नाही. ऐरण त्याने वजनावर भंगारात घातली. कुणा कारागिराला द्यावी असं मी सुचवणार होतो. तिथे गेल्यावर सात महिन्यांनी तो गेला, झोपेतच. तोवर आमचं एकदाही फोनवर बोलणं झालं नाही. त्याने केला नाही आणि मी उद्या करू म्हणत राहिलो. मुलगी सांगते की वहिनी ठीक आहेत, खिडकीशी बसतात, काही मागत नाहीत.

निघायच्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा टेम्पो भरून झाला होता. दोन कपाटं, गाद्या, भांड्यांची खोकी, वहिनींची बुटकी खुर्ची. वहिनी पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या आणि मुलगी त्यांच्या पायांखाली उशी सरकवत होती. कानस्या मागे उभा राहून दोरीच्या गाठी मारत होता.

"जरा ओढून बघा हो ही," तो म्हणाला.

मी ओढून पाहिली. "घट्ट आहे."

"कपाटाचं दार वाजेल का?"

"नाही वाजणार. मध्ये गादी आहे."

"मग झालं." त्याने हात पॅन्टला पुसले. "तुम्ही सावलीत जा, स्टोअरवाले. ऊन वाढलंय."

"जातो," मी म्हणालो.