बसल्या जागी भरलेली बॅटरी

रोज सकाळी चहाच्या आधी विल्फ स्टॅनर्ड आपल्या व्हेपमध्ये, म्हणजे विजेवरच्या सिगारेटमध्ये, रात्रभर चार्ज केलेल्या दोन बॅटऱ्या घालायचा, पडद्याच्या काचेवर नखाने टकटक करायचा, आणि बॅटरीचं चित्र पूर्ण भरलेलं दिसलं तरी त्यावर विश्वास ठेवायचा नाही. एक झुरका घेऊन मगच पुन्हा बघायचा. टकटक करायची सवय बोटीवरची. ग्रिम्सबीच्या गोदीतून मासेमारीला बोटी जायच्या तेव्हा तो इंजिनखोलीत असे, आणि दाबाचा काटा काचेला टिचकी मारल्याशिवाय खरं बोलत नाही, हे तिथेच शिकला होता.

“नुकतीच घातलेली बॅटरी भरलेलीच दिसते,” तो लेकीला, डेनीसला सांगायचा. “बसून असते ना. कामाला लावली की कळतं.”

डॉक्टरांनी त्याच्या फुफ्फुसांचा फोटो दाखवला त्याच आठवड्यात त्याने आणि डेनीसच्या आईने, ग्लेनिसने, सिगारेट सोडून एकसारखे दोन व्हेप आणले होते. पुन्हा एक जरी सिगारेट ओढली तरी विल्फ रोजच्या एका पाकिटावर येणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या बॅटऱ्यांवर हिरवी चिकटपट्टी, तिच्या बॅटऱ्यांवर नेलपॉलिशचा लाल ठिपका. जोडी मोडायची नाही, हा व्हेपवाल्यांचा नियम. एकत्र घ्यायच्या, एकत्र चार्ज करायच्या, टाकायच्या तर दोन्ही.

ग्लेनिस गेली. पुढे विल्फच्या एका बॅटरीचं वेष्टन फाटलं. त्याने ती टाकली, आणि उरलेल्या हिरव्या पट्टीच्या बॅटरीशेजारी लाल ठिपक्याची एक बसवली.

“विल्फ, असं करू नकोस,” व्हेपच्या दुकानातली केरी म्हणाली. “तुझी थकलेली, तिची जवळजवळ नवी. पडदा दोघींचं मिळून मधलं काहीतरी दाखवणार. तुला अर्धी दिसेल आणि तुझी केव्हाच संपलेली असेल. धोकाही आहे. नवी जोडी घे.”

“घरात चांगली असताना?”

“कंजूष मेला.”

“पै-पै धरून ठेवायला मी यॉर्कशरचा थोडाच आहे.”

डेनीसने नवी जोडी आणून दिली. ती खणात तशीच पडून राहिली. कंजूषपणा नव्हता, हे डेनीसला दिसत होतं. त्या ठिपक्यावरून अंगठा फिरवल्याशिवाय तो झाकण लावत नसे.

मग हॉस्पिटलात श्वासाच्या तपासणीचा दिवस आला. नर्सने त्याच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, आकडा पाहून म्हणाली, “छान आहे की.”

“बसलोय ना,” विल्फ म्हणाला. “चालवून बघा.”

तिने त्याला व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालवलं. परत आल्यावर तिने आकडा पाहिला आणि लिहून घेतला. मग लगेच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर यायला वेळ लागणार होता, तोवर विल्फ फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. डेनीस मागोमाग गेली.

त्याने व्हेप तोंडाला लावला. दिवा लुकलुकला आणि विझला. त्याने टकटक केली, पुन्हा ओढून पाहिलं. पुन्हा तेच.

“बघ,” त्याने पडदा तिच्यापुढे धरला. “अजून अर्धी दाखवतेय.”

कोपऱ्यात ड्रेसिंग गाऊन घातलेला एक रुग्ण सिगारेट ओढत होता. त्याने न बोलता पाकीट पुढे केलं. विल्फने डेनीसकडे पाहिलं. तिने मघाचा आकडा पाहिला होता. नको म्हणायला तिने तोंड उघडलं, पण नुसती त्याच्या कोटाची कॉलर नीट करून दिली. लायटर त्या माणसानेच पेटवला.

त्यानंतर कोटाला वास येऊ लागला. पाकीट बाथरूमच्या खिडकीत असे, आणि डेनीस त्याला हात न लावता खिडकी पुसायची. सकाळी बॅटऱ्या घालणं मात्र चुकलं नाही. हिरवी आणि लाल ठिपक्याची, टकटक, एक झुरका. मग तो खोकत खुर्चीत बसायचा.

एका दुपारी डेनीस कोपऱ्यावरच्या दुकानात निघाली. परत आली तेव्हा तो खुर्चीतच होता, व्हेप मांडीवर, श्वास थांबलेला. पण ती निघत होती तेव्हा त्याने नेहमीसारखी हाक मारली होती.

“डेनीस, हिरव्या झाकणाचं दूध आण गं. मागच्या वेळी निळ्या झाकणाचं, सायीचं आणलंस, चहा नुसता पांढराफटक झाला.”