वडिलांदेखत

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. मला सरकारने डेन्मार्कला पाठवायचं ठरवलं, तेव्हा पुलगावजवळच्या आमच्या खेड्यात तो देश कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही तो नकाशात शोधावा लागला. मी टकळीवर सूत काढायला शिकवणारा, शाळेच्या वाडीत पोरांकडून वांगी-भेंडी लावून घेणारा मास्तर. तिकडे शेतकऱ्यांच्या मुलांच्या शाळा कशा चालतात ते दीड वर्ष राहून पाहायचं होतं. गावाची काळजी मात्र वेगळीच. "तिथं भाकर भेटते काय, मास्तर?" जो तो विचारी. नाही म्हटलं की काळ्या पाण्यावर निघालेल्या माणसाकडे पाहावं तसं माझ्याकडे पाही.

माझी लेक तेव्हा नुकती भिंतीला धरून उभी राहू लागली होती. मी तिला कधी धड कडेवर घेतलं नव्हतं. आमच्याकडे तशी रीतच नव्हती. वडीलधाऱ्यांसमोर बापाने आपल्या लेकराचे लाड करणं म्हणजे निव्वळ निर्लज्जपणा. माझे वडील दिवसभर ओसरीवर बसलेले असत. लेक रांगत माझ्याकडे निघाली की मी शाळेच्या वह्या तपासण्यात गर्क होई आणि बायको लगबगीने येऊन तिला उचलून नेई. शाळेत दुसऱ्यांच्या पोरांची नाकं पुसणारा मी, घरी स्वतःच्या लेकीकडे चोरून बघायचो. निघताना स्टेशनवर हार घातले गेले, मी वडिलांच्या पाया पडलो, आईच्या पडलो आणि गाडीत चढलो. लेक बायकोच्या खांद्यावर झोपली होती. तिला हात लावायचं राहूनच गेलं.

तिकडे मी एका शेतकऱ्याच्या घरी राहत होतो. म्हातारा, त्याचा मुलगा, सून आणि छोटी नात. रोज बटाटे, रोज आंबूस काळा पाव. बायकोने डब्यात भरून दिलेली जवसाची चटणी मी औषधासारखी पुरवून खाल्ली. थंडीत शाळा सुटायच्या आत अंधार पडे, तेही निभावलं. बघवत नव्हतं ते भलतंच. संध्याकाळी मुलगा गोठ्यातून आला की बापासमोर, खुद्द आपल्या बापासमोर, पोरीला उचलून खांद्यावर बसवी आणि तिचे पटापट मुके घेई. मी मान खाली घालून बटाटे सोलत बसे. वाटे, आता म्हातारा तडकणार. म्हातारा कसला तडकतो! तो हसे आणि मीठ मागे.

एकदा त्यांची गाय विताना अडली. घरात मी एकटाच मोकळा. मुलाने धावत येऊन पोरगी माझ्या हातात दिली आणि तो गोठ्याकडे पळाला. मला तिला नीट धरता येईना. शेवटी तिनेच माझ्या गळ्यात हात टाकून आपली सोय करून घेतली आणि ती खांद्यावर झोपून गेली. त्या घटकेला लेकीची अशी आठवण आली की माझे डोळे भरून आले. ही एवढी जड, मग माझी लेक किती जड असेल, हे मला माहीत नव्हतं. घरी गेलो की तिला घ्यायचं, वडिलांसमोर घ्यायचं, मग काय व्हायचं ते होवो, असं मी तिथेच ठरवून टाकलं.

समुद्रापलीकडे बसून ठरवायला काय जातं? परतताना भुसावळ गेलं तसा माझा धीर सुटू लागला. बडनेऱ्यानंतर डब्यात आपली बोली ऐकू आली, तेव्हा आनंद झाला आणि गाव जवळ आल्याची धास्तीही वाटली. पुलगावला उतरलो तर अर्धं गाव फलाटावर. लेक वडिलांच्या कडेवर होती. आजोबाने नातीला घ्यायला कुणाची हरकत नव्हती.

हार झाले, पाया पडून झालं. मग मी लेकीकडे हात पुढे केले. कुणीतरी खाकरलं. बायकोने मान खाली घातली. लेकीने मला नीट पाहून घेतलं आणि आजोबांच्या मानेत तोंड खुपसलं. माझे हात तसेच पुढे. मागे घेववत नव्हते आणि तसेच ठेववतही नव्हते.

वडिलांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मग त्यांनी तिची बोटं आपल्या मानेवरून एकेक करून सोडवली आणि तिला माझ्या हातात दिलं.

"मले बी वाटे तुले घ्यावं म्हून," ते हळूच म्हणाले. "पण माहा बाप बसला राहे समोर."

बैलगाडीत गाव येईपर्यंत लेक रडत होती. मी काही तिला खाली ठेवलं नाही. वडील समोरच बसले होते, पण वाटभर त्यांनी तोंड शेतांकडे वळवून ठेवलं होतं.