घमेल्यातला पुदिना

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, बहिणीला नाही, देवासमोर बसून मनातल्या मनातसुद्धा नीट उच्चारलेलं नाही. आणि गोष्ट कसली, तर पुदिन्याची. हसाल तुम्ही. हसा — मीही बराच काळ हसण्यावारीच नेत होते. एवढ्याशा पाल्याचं कोण मनाला लावून घेतं? असं स्वतःला विचारायचं आणि उत्तर यायच्या आत दुसऱ्या कामाला लागायचं.

पुदिन्यातलं मला सगळं कळतं, हे आधी सांगते. वेंगुर्ल्यात आमच्या वाडीत कुणालाही विचारा. उन्हात वाळवला की काळा पडतो, म्हणून मी पडवीत जुन्या सुती लुगड्यावर पसरते, सावलीत. पानं बोटांत चुरचुरायला लागली की देठ काढून, चुरून बरणीत. ताजा ठेवायचा तर देठ पाण्यात बुडवून पेल्यात उभा करायचा. फारच झाला तर लिंबू पिळून वाटायचा आणि बर्फाच्या ट्रेत गोठवायचा, लागेल तशी एकेक वडी काढायची. महिला मंडळात मी हे शिकवलंय. ‘पुदिनो खावचो तर वयनीकडचो,’ असं बायका म्हणायच्या. ऐकून मला काय वाटायचं ते लपवत नाही — फार बरं वाटायचं.

पण तो पुदिना माझा नव्हता. आणि सावलीत वाळवायचं वगैरे, तेही — बघा, अजून सरळ येत नाहीये तोंडातून.

हमीदाचा होता. हमीदा आमची शेजारीण, मधे फक्त चिऱ्यांची कमरेएवढी भिंत, गडगा. मी तिला भाभी म्हणते, ती मला वयनी. तिचं माहेर विजयदुर्गाचं. तिथे तिच्या अम्माने विहिरीच्या कडेला पुदिना लावलेला — बारीक पानाचा, तांबूस देठाचा, आणि वास असा की नुसता हात लागला तरी दुपारपर्यंत जायचा नाही. लग्न होऊन आली तेव्हा हमीदा त्याच्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आली. त्यातल्याच तिने मला गडग्यावरून दिल्या. वाळवायची रीतही तिचीच. मंडळात शिकवताना मी तिचं नाव घेतलं का? नाही. विसरले होते का? तेही नाही.

तिला हे कळलं असतं तरी ती हसली असती. तेवढ्यावर भागलं असतं तर मी आज लिहायला बसले नसते.

आमच्याकडच्या पावसात पुदिना तग धरत नाही. वाफ्यात पाणी तुंबतं, मुळं कुजतात. म्हणून पाऊस तोंडावर आला की चार काड्या उचलून घमेल्यात लावायच्या आणि घमेलं पडवीत, पागोळ्यांपासून लांब ठेवायचं. त्या वर्षी मी माझ्या काड्या उचलल्या. हमीदा घरी नव्हती. अम्माचं शेवटचं दुखणं होतं, ती विजयदुर्गालाच होती. तिचा वाफा गडग्यापलीकडे मला रोज दिसत होता. हात लांबवला तर पोचला असता. मनात आलं होतं, हो. आलं होतं आणि मी आत जाऊन भात टाकला होता.

अम्मा गेली. भाऊ आखातात, घराला कुलूप लागलं, विहिरीकडचा पुदिना बघायला तिथे कुणी उरलं नाही. हमीदा परत आली तोवर तिचा वाफा म्हणजे नुसता काळा चिखल झाला होता. आणि — हे लिहिताना हात अडतोय — तो बघून मला आतून जरासं बरं वाटलं होतं. आता आख्ख्या वाडीत हा पुदिना फक्त माझ्याकडे.

मग एके सकाळी ती मागच्या दारी आली. डोळे सुजलेले. म्हणाली, “वयनी, माजो पुदिनो कुसलो गो सगळो. थंयचोपण गेलो. तुज्याकडे आसा मा? दोन काडये दी. अम्माचा तेवडाच काय ता ऱ्हवला.”

दोन काड्या. दोन काड्यांनी माझं काय जाणार होतं? पुदिना तो, खुडला की वाढतो. मी नुकतीच चटणीसाठी पानं खुडली होती, बोटांना वास होता. घमेलं पडवीच्या कोपऱ्यात, तिच्यापासून हाताच्या अंतरावर, मधे फक्त वाळत घातलेली गोणपाटं. मी हात पदराखाली घेतला आणि म्हटलं, “माजोपण गेलो गो.”

का म्हटलं? चतुर्थीला मुंबईहून नणंद यायची होती, तिला बाटल्या भरून द्यायच्या होत्या — असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. तो माझ्या एकटीकडेच हवा होता. बस्स.

उलट तिनेच माझी समजूत काढली. “ऱ्हवांदे गो, पावसाचा कोण काय करतला,” म्हणाली आणि गेली.

वाटलं, पाऊस सरला की देईन, ‘अगो, एक काडी सापडली’ म्हणून. पण एकदा मेला म्हटलेला पुदिना जिवंत कुठून दाखवणार? मी सगळा खुडला, वाळवला, बाटल्या भरल्या. घमेल्यात नुसती खुंटं उरली.

आणि दिवाळीच्या सुमाराला हमीदा गडग्यावर उभी, दोन्ही हातांत काळ्या पिशव्यांतली रोपं. “घे. तुजोपण गेल्लो मा. बाजारातसून दोन रोपां हाडलंय, एक तुका. अम्माच्या वासाचा नाय, पण आसांदे.”

मी घेतलं. घेतलं आणि त्याच घमेल्यात लावलं. मुद्दाम. आता परसात पुदिना दिसला तरी कुणी काही विचारणार नव्हतं. किती हुशारी ती. पण बाजारचा पुदिना रुंद पानाचा, दांडगा. मुळं पसरत गेला आणि त्याने माझ्या खुंटांना डोकं वर काढू दिलं नाही. शिमग्यापर्यंत घमेलं गच्च हिरवं झालं. मी एकेक फांदी बाजूला करून शोधलं. तांबूस देठ एकही नव्हता.

म्हणजे आता मला द्यायचा म्हटला तरी देता येत नाही.

उरली ती वाळवलेल्याची एक बरणी. फळीवर मागे ठेवलेली, घट्ट झाकणाची. ह्या उन्हाळ्यात एका दुपारी हमीदा दमून आली, ओट्यावर टेकली. मी ताक केलं. काय वाटलं कुणास ठाऊक — त्या बरणीतली चिमूट त्यात टाकली. परत द्यायची हीच एक रीत उरली होती की काय? की चोराला चोरी दाखवायची हौस येते, ती ही?

तिने एक घोट घेतला. थांबली. पेला नाकाशी नेला, पुन्हा एक घोट घेतला, डोळे मिटून. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत समोर बसून होते.

“वयनी, ह्यो पुदिनो खंयचो गो?”

सांगायला तेव्हा तिथे कुणी आडवं आलं नव्हतं. घरात आम्ही दोघीच होतो. बरणी फळीवर होती, उठून तिच्या हातात ठेवता आली असती.

“बाजारचोच,” मी म्हटलं. “तूच दिलेलो तो.”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग पेल्याकडे. “बरो आसा,” म्हणाली. “आनी एक गलास दी.”

मी दुसरा पेला केला. त्यातही चिमूट टाकली, आणि बरणी परत फळीवर मागे सारली. ती अजून तिथेच आहे.