पाव्हणे उभे असताना

माझ्या इंग्रजी संभाषणाच्या वर्गात माझे सासरे विद्यार्थी म्हणून आले आणि वर्गावर उभं राहून शिकायची पाळी आली.

नाशिकरोडला एका मिठाईच्या दुकानावर माझा क्लास आहे. खाली जिलेबी, वर इंग्रजी. (पोरं वेळेवर येतात ती खालच्या वासानं, पण पालकांना मी तसं सांगत नाही.) माझे सासरे, म्हणजे नाना, निफाडकडचे द्राक्ष बागायतदार. त्यांचं दुखणं साधं होतं. गेल्या हंगामात परदेशातला एक खरेदीदार त्यांची बाग बघायला आला. नानांना इंग्रजी येईना, म्हणून शेजारच्या भाऊबंदाचा पोरगा दुभाष्या म्हणून मधे उभा राहिला. तो काय बोलला देव जाणे, पण साहेब नानांच्या बांधावरून वळला तो थेट भाऊबंदाच्या बागेत शिरला आणि माल तिथलाच उचलला. नानांना ते वर्षभर पचलं नाही. "औंदा मी सोता बोलनार," असं त्यांनी जाहीर केलं आणि माझ्या बायकोनं, मनीषानं, मला न विचारता त्यांचं नाव माझ्या क्लासात घातलं.

पहिल्या दिवशी मी फळ्यापाशी उभा राहिलो, तसे नानाही उठून उभे राहिले. मी म्हटलं, बसा ना.

"पाव्हणे उभे अन् मी बसू? जमायचं नाय."

एवढं वयस्कर माणूस टोपी घालून उभं म्हटल्यावर पहिल्या बाकावरची मुलगी उठली. मग तिच्या मागचे उठले. बघता बघता राष्ट्रगीत चालू असल्यासारखा वर्ग उभा! शेवटी मी खुर्चीत बसून शिकवायला लागलो. नाना बसले, वर्ग बसला, पण आता माझा हात फळ्याला पोचेना. काही लिहायला उठलो की सगळे वर. भूतकाळ आम्ही तोंडीच उरकला.

त्यात नानांची चूक दाखवायची सोय नव्हती. एकदा ते "आय गोइंग" म्हणाले आणि मी हळूच मधला शब्द भरला. घरी पोचतो तर मनीषा दारातच. "अहो, नानांना चारचौघांत चुकीचं ठरवलंत म्हणे?" (नाना तिला काही बोलले नव्हते. सासूबाईंचा फोन आला होता. त्यांना कोणी सांगितलं, हे मला अजून कळलेलं नाही.) त्या दिवसापासून नाना जे बोलतील ते बरोबर, असं वर्गात ठरलं. बाकीची पोरं कुरकुरायला लागली की सर, मग आमच्याच का चुका काढता? त्यांचं म्हणणं रास्त होतं.

साहेब यायची तारीख जवळ आली आणि माझा जीव थाऱ्यावर राहीना. बसलो की उठावंसं वाटे, उठलो की वर्ग उठे. साहेब यंदाही शेजारी गेला असता तर खापर माझ्याच डोक्यावर फुटणार होतं. म्हणून मी सराव घ्यायचं ठरवलं. मी साहेब झालो आणि खालून मागवलेला मोतीचूर लाडू द्राक्षाचा घड समजून तोंड वाकडं केलं.

"युवर ग्रेप्स आर स्मॉल."

"येस सर. स्मॉल," नाना अदबीनं म्हणाले.

"दे आर सावर."

"येस सर. व्हेरी सावर."

"आय डोन्ट वॉन्ट देम."

"नो प्रॉब्लेम सर. टेक फ्री."

मी कपाळाला हात लावला. अहो नाना, भांडा माझ्याशी, नाही म्हणा! तर नानांनी कानाची पाळी धरली. "पाव्हण्यांना नाय म्हनू? पोरगी दिलीय मी तुमाला. द्राक्षाचं काय घिऊन बसलात." मग मी एका मुलाला साहेब केलं. पण तो माझ्या खुर्चीत बसला होता, म्हणजे पाव्हण्यांच्या जागी, म्हणून नानांनी त्यालाही अख्खी बाग फुकट देऊन टाकली. रोज सराव, रोज बाग फुकट. नानांच्या जिभेवर आता तेच एक वाक्य पक्कं बसलं होतं आणि ते बसवणारा मीच होतो.

"यंदा काही गडबड झाली ना," मनीषानं मला गाडीत बसवताना सांगितलं, "तर माहेरी तोंड दाखवायला मला जागा नाही. तुम्हाला तर नाहीच." निफाड येईपर्यंत माझे पाय एका जागी राहिले नाहीत. नानांच्या तोंडून 'फ्री' निघायच्या आत आपण मधे पडायचं, एवढं मी घोकत होतो. बागेत पोचलो तर भाऊबंदाचा पोरगा केस चापून बांधावर हजर. मीही उगाच एक घड हातात घेऊन उभा राहिलो.

साहेब आला. त्यानं एक घड तळहातावर घेतला आणि मणी जरा बारीक वाटतात, असं म्हणाला. मी डोळे मिटले.

"नो," नाना म्हणाले. "नॉट स्मॉल. युवर हॅंड बिग."

मी डोळे उघडले. साहेब म्हणाला, आंबट दिसतात. "यू नो लुक. यू ईट," म्हणत नानांनी त्याच्या हातावर मणी ठेवले. साहेबानं खाल्ले, मग न विचारता आणखी तोडले. भाऊबंदाचा पोरगा "ॲक्च्युअली सर" करत पुढे सरकला, तर नानांनी त्याच्याकडे न बघता सुनावलं, "माय ग्रेप्स, माय माउथ." पोरगा जागीच थांबला. मला तेव्हा उमगलं. साहेब काही नानांचा जावई नव्हता!

माझा ऊर भरून आला. तेवढ्यात साहेब माझ्याकडे वळला.

इथं एक सांगायला हवं. इतकी वर्षं मी इंग्रजी शिकवतोय, पण जन्मापासून इंग्रजी बोलणारा माणूस मला तोवर भेटलाच नव्हता. त्यानं अर्धे शब्द तोंडातच ठेवून भराभर काहीतरी विचारलं. शेवटी प्रश्न होता, एवढं नक्की.

"येस सर," मी म्हणालो.

त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा येस सर. तो गोंधळून माझ्या हातातल्या घडाकडे बघायला लागला. माझा हात आपोआप पुढे झाला.

"टेक फ्री."

"नॉट फ्री!" नानांनी घड माझ्या हातातून काढून घेतला. "ही जोकिंग."

साहेब खो खो हसला. माल नानांचाच ठरला. जाताना त्यानं नानांना विचारलं, तुम्हाला इंग्रजी कोणी शिकवलं? नानांचा हात अभिमानानं माझ्या दिशेनं उठला. तेवढ्यात त्यांना मी दिसलो, घामानं निथळणारा. हात तसाच वर गेला आणि टोपी सारखी करून खाली आला.

"मोबाइल," नाना म्हणाले.

हल्ली शनिवारचा संभाषणाचा तास नानाच घेतात. पाव्हण्यांना उभं ठेवायचं नसतं, म्हणून मी पहिल्या बाकावर बसतो. मी चुकलो तरी नाना मला चारचौघांत दुरुस्त करत नाहीत.