बॅट टाक

दिंडोशीच्या आमच्या कॉलनीत मुलींची बेसबॉल टीम होती, हे आज कुणाला खरं वाटत नाही. पीटीच्या सरांनी ती उभी केली आणि एकही स्पर्धा न जिंकता ती सात वर्षं टिकली. आम्ही सगळ्या गल्ली क्रिकेटवर वाढलेल्या. बॉल मारला की बॅट घेऊनच पळायचो आणि बेसवर टेकवायचो. सर वैतागायचे, "बॅट टाक गं, इथे क्रीज नाही, बेसला पाय लागला की झालं." मला राग यायचा. घरी भाऊ बॅटला हात लावू द्यायचा नाही, मग मिळालेली का टाकू?

परवा सरांना भेटायला गेले. आजारपणानंतर ते काठी घेऊन चालतात. कॉलनीतल्या बाकापर्यंत आले आणि काठी टेकवून धापा टाकत उभे राहिले. मी हात पुढे केला. "सर, बॅट टाका."

त्यांनी काठी सोडली आणि माझा हात धरला.