टपवाल्या चांगुणाबाई

पिंपळगाव राजाच्या बसस्टँडजवळ पत्र्याच्या शेडमध्ये चांगुणाबाई गाड्यांचे टप शिवतात. नवरा दयाराम ऑटो चालवतो. एका वर्षी त्याचा टप फाटला आणि खामगावचा कारागीर नुसता उद्या-परवा करत राहिला, तेव्हा बाईंनी तो टप घरी उसवला, तसाच दुसरा कापला आणि शिवून बसवला. पुढच्या आठवड्यात स्टँडवरचे ऑटोवाले एकेक करून दारात आले. त्याला वीसेक वर्षं झाली असतील.

बाईंचा हात सरळ, पण डोकं खोडकर. फार फुशारक्या मारणाऱ्या एका ऑटोवाल्याच्या टपाला त्यांनी आतून गुलाबी फुलांचं कापड लावून दिलं. तो भांडायला आला तर म्हणाल्या, "तुम्हाले कुठं दिसते? तुमी तर समोर पाहून चालवता!"

गेल्या मार्चात अर्जुनराव त्यांच्याकडे आले. अर्जुनरावांचा लग्नाच्या गाड्या भाड्यानं देण्याचा धंदा. त्यात त्यांचा जीव एका लाल गाडीत. मुंबईहून जुनी आणलेली, कापडी टप मागे दुमडला की उघडी होणारी. नवरदेव तीत उभा राहून वरात मिरवतो. त्या दिवशी मात्र तिची मागची काच टपाच्या कापडापासून सुटून लोंबत होती. अर्जुनरावांनी स्वतःच खाकी चिकटपट्टीनं ती चारी बाजूंनी बांधली होती.

"हे बँडेज कोन्या डॉक्टरनं केलं?" बाईंनी विचारलं.

"थट्टा नोका करू. परवा लग्न हाय. काच शिवून द्या."

"काच शिवता येते का, अर्जुनराव? ही चिकटवलेली होती. उन्हानं गम मेला."

गाड्यांच्या पुढच्या काचा बसवणारे वापरतात तो काळा गम त्यांनी खामगावहून मागवला. टपाच्या पुढच्या कड्या सोडून कापड सैल केलं. काचेच्या कडेवरचा वाळलेला गम पात्यानं खरवडला, स्पिरिटनं पुसला. मग सगळ्या कडेनं गमाची जाड रेघ ओढली, काच कापडाच्या चौकटीत बसवली आणि बाहेरून पट्टे ताणले.

"आता आतून दाबून धराले मानूस लागते," त्या म्हणाल्या. "गाडी तुमची. बसा आत."

अर्जुनराव मागच्या सीटवर उलटे गुडघे टेकून बसले. काचेवर प्लायवूडची फळी लावली होती, तिच्यावर दोन्ही तळहात.

"आन् बोलू नोका. बोललं का अंग हलते, अंग हललं का काच सरकते."

पहिला अर्धा तास माणसाची खरंच गरज होती. नंतर बाईंनी सीटवरून फळीला दोन लाकडी टेके लावले. त्यावर काच आपली आपण राहिली असती. पण अर्जुनरावांना हात काढा असं कोणी म्हटलं नाही.

ऐन दुपार. स्टँडवरची माणसं जमली. चहावाले पंजाबराव कप घेऊन आले आणि अर्जुनरावांच्या नाकासमोर धरून म्हणाले, "घ्या ना!" अर्जुनरावांनी डोळ्यांनीच काय ते सांगितलं.

इतक्यात चांगुणाबाईंनी गळ्यातली टेप काढली आणि गाडीची रुंदी मोजायला लागल्या.

"पावनेसहा फूट," त्या मोठ्यानं म्हणाल्या.

"कायले मोजता?" पंजाबरावांनी विचारलं.

"अशीच. आमची गल्ली साडेआठ हाय. मागच्या उन्हाळ्यात मोजली होती."

मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या मयुरीचं लग्न होतं. बाई हीच गाडी ठरवायला गेल्या, तर अर्जुनराव म्हणाले होते, "बुद्धविहारामागं ना? त्या गल्लीत गाडी वळत नाही." गल्ली न बघताच म्हणाले होते. बाईंनी घरी येऊन टेप धरली, आकडा पाहिला आणि कोणाला काही बोलल्या नाहीत. मयुरीची वरात दयारामच्या ऑटोतून निघाली, झेंडूच्या माळा लावून.

अर्जुनरावांचे कान लाल झाले. "चांगुणाबाई, तवा मी..."

"हलू नोका!"

आणखी तासभर गेला. मग त्या म्हणाल्या, "सोडा आता. मघाच सोडलं असतं तरी चाललं असतं."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"तुमी विचारलं नाही."

"बोलू कुठं देल्लं तुमी!"

स्टँडभर हसू उसळलं. अर्जुनराव दंड चोळत उतरले, आणि शेवटी त्यांनाही हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी काच पक्की झाली. बाईंनी दोन बादल्या पाणी ओतून पाहिलं, आत थेंब नाही. "आता खड्ड्यातून चालवून पाहा लागते. चांगले खड्डे आमच्याच गल्लीत हायेत."

अर्जुनराव समजायचं ते समजले. दयाराम पुढं त्यांच्या शेजारी बसला, बाई मागं. गाडी हळूहळू विहारामागं वळली. बायका दारात आल्या. बाई थोडा वेळ हसत होत्या, मग आपल्या दाराशी आल्यावर बाहेर पाहत बसल्या.

"वळली," अर्जुनराव आरशात पाहून म्हणाले.

"हाव. तवाही वळली असती."

अर्जुनरावांनी गाडी थांबवली. "चुकलंच माझं," ते म्हणाले, जरा हळू आवाजात.

"आयकलं का हो?" बाईंनी दयारामला विचारलं.

"नाही बा. इंजिनाचा आवाज हाय."

मग अर्जुनरावांनी इंजिन बंद केलं आणि पुन्हा म्हटलं.

मे महिन्यात त्याच गल्लीतल्या नागसेनच्या लग्नाला लाल गाडी आली, टप दुमडून, अर्जुनराव स्वतः स्टीअरिंगवर. मिरवत जाताना त्यांनी गल्लीतल्या झुंबरबाईंच्या नव्यानं चुना दिलेल्या ओट्याला गाडी घासली. सत्तरीच्या झुंबरबाई काठी घेऊन उठल्या. नवरदेव वरून हात जोडत होता आणि वरात पंधरा मिनिटं खोळंबली. तिसऱ्या दिवशी सकाळी अर्जुनराव चुन्याची बादली आणि ब्रश घेऊन ओट्यासमोर उकिडवे बसलेले गल्लीनं पाहिले. झुंबरबाई खाटेवरून सांगत होत्या, "तो कोपरा राहिला बे!"