दीड वाटी काकवी

गेल्या वर्षी आजच्याच दिवशी मिहीरच्या मानेत काच घुसली.

माझ्यामुळे घुसली.

वर्षभर कुणाला बोलले नाही. आज दुपारी त्याच्या बाबांना सांगून आले, म्हणून आता इथे लिहितेय.

जे त्याला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी: गंगापूर रोडवरच्या त्याच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं बिअर बनवायचो. नोकरी फक्त पगारापुरती. बाकी सगळं डोकं माल्ट आणि यीस्टमध्ये.

त्याला एकच बिअर जमवायची होती. काळीकुट्ट, घट्ट, जेवणानंतर गोड म्हणून घ्यावी अशी.

"पुरणपोळीचं आणि ब्राउनीचं लफडं झालं तर जे पोर होईल ना, ते," असं म्हणायचा.

एका वायनरीतून ब्रँडीचं जुनं, छोटं बॅरल मिळवलं. त्यात ती नऊ महिने मुरवली. हा रोज ऑफिसातून आला की आधी बॅरलला कान लावायचा. येडा होता.

बाटल्या भरायच्या दिवशी बिअरमध्ये मोजून गोड घालावं लागतं. यीस्ट ते खातं, बंद बाटलीत गॅस होतो, फेस येतो. गोड जास्त झालं तर बाटलीचा बॉम्ब होतो.

मिहीरचं माप पक्कं होतं. दीड वाटी काकवी, सायखेड्याच्या चुलत्यांकडची.

आणि एक नियम. काम झालं की वहीत टिक. टिक नाही म्हणजे काम झालेलं नाही.

त्या दिवशी मी पोचले तेव्हा तो झाकणं आणायला खाली गेला होता. वहीत काकवीपुढे टिक नव्हती.

म्हटलं, चला, एक काम उरकून टाकू. दीड वाटी मोजली, ओतली, ढवळली.

टिक केली.

बाटल्या भरल्या, मी घरी आले. संध्याकाळी फोनवर तो सहज बोलून गेला की काकवी त्याने सकाळीच घातली होती. हात चिकट झाले म्हणून वहीला हात लावला नव्हता, आणि नंतर टिक कधी केली तेच त्याला आठवत नव्हतं.

तिथेच बोलायला हवं होतं मी.

नाही बोलले. महिनोन्महिने त्याच्यापुढे यूट्यूबवरचं ज्ञान पाजळत होते मी. इतकी बावळट चूक कुठल्या तोंडाने सांगणार होते? वाटलं, फेस जरा जास्त येईल. एवढंच.

एवढंच.

तीन आठवड्यांनी, भर उन्हाळ्यात, आम्ही हॉलमध्ये बसलेलो असताना आतल्या खोलीत पहिली बाटली फुटली. लगेच दुसरी. काचा पार पंख्यापर्यंत उडाल्या.

तो ओला टॉवेल घेऊन आत पळाला, बाकीचे क्रेट झाकायला. मी मागोमाग.

"तू येऊ नको. दार लाव."

मी लावलं नाही. म्हणून सगळं दिसलं.

तिसरी त्याच्या तोंडासमोर फुटली.

पांढऱ्या फरशीवर रक्त आणि बिअर एकत्र वाहत होतं. बिअर इतकी काळी, की रक्त किती गेलं तेच कळेना. मी ओढणी त्याच्या मानेवर दाबून धरली. माझ्याच बोटांत काच शिरत होती, तरी दाबत राहिले.

रिक्षात तो माझ्या मांडीवर होता. आणि अख्ख्या रिक्षात चॉकलेट आणि जायफळाचा वास. कुणाचा तरी बर्थडे असल्यासारखा.

हॉस्पिटलच्या गेटपर्यंत पोचलो तेव्हा तो राहिला नव्हता.

त्याचे बाबा, म्हणजे काका, एकलहऱ्याला थर्मल वीजकेंद्रात तीस वर्षं बॉयलरवर होते. भेटायला येईल त्याला खाली बघून एकच सांगायचे, की मी आयुष्यभर प्रेशर सांभाळलं आणि माझ्याच पोराला माप कळलं नाही. मग वही उघडून टिक दाखवायचे.

माझी टिक.

आणि मी शेजारी बसून लोकांना चहा देत होते.

एक बाटली वाचली होती. भरल्या दिवशीच त्याने मला दिलेली, माझ्या फ्रीजमध्ये ठेवायला. थंडीत यीस्ट झोपतं, गॅस फारसा होत नाही. आज ती टॉवेलमध्ये गुंडाळून एकलहऱ्याला नेली. डोक्यातलं हेल्मेट न काढताच काकांच्या हॉलमध्ये गेले, मग काढलं आणि सगळं सांगितलं.

काका उठले आणि माझ्या मुस्काटात मारली. खुर्चीसकट भिंतीवर गेले मी. दुसरीसाठी हात उचलला, तो तसाच वर राहिला.

मग आत जाऊन वही घेऊन आले.

"ही टिक तुझी?"

"हो."

"तू किती टाकली?"

"दीड वाटी."

"आन् त्यानं?"

"त्यानेही दीडच."

काकांनी वही मिटली. मग बाटली हातात घेतली. मला परत हेल्मेट घालायला लावलं, स्वतः ड्यूटीवरचे जुने चामड्याचे हातमोजे घातले. झाकणाची एक कड जराशी उचलायची, फस्स झालं की दाबायची. परत उचलायची. गॅसला थोडी थोडी वाट देत, दहा मिनिटं.

स्टीलच्या दोन पेल्यांत ओतली. काका कधीच पीत नाहीत. आज प्यायले.

आधी करपलेलं चॉकलेट. मग लाकडाचा व्हॅनिला, घसा जाळत जाणारी ब्रँडी. आणि शेवटी, पुरणाचं पातेलं खरवडून खाल्ल्यासारखी काकवी. दातावर आपटून माझा गाल आतून फाटला होता, तिथे ती झोंबली. रक्ताची चव पण लागली.

"जायफळ जास्त झालंय," काका म्हणाले.

मग त्यांनी फोन घेतला आणि सायखेड्याला भावाला लावला.

"आपल्या मिहीरचं माप बरोबर होतं."

तेवढंच बोलून ठेवला. मग पुढचा नंबर. मग त्याच्या पुढचा. जे जे भेटायला आले होते, त्या सगळ्यांना. मला ना जा म्हणाले, ना थांब.

मी थांबले. शेवटच्या फोनपर्यंत.

मिहीर, जमली रे बिअर. जायफळ खरंच जास्त आहे.

वर्षभर तुला निरोप दिला नव्हता. कुठल्या तोंडाने देणार होते?

आज देतेय. जा आता.